हिरवळीचं बिल

आमच्या सोसायटीच्या जमाखर्चात बागेचा खर्च एका ओळीत यायचा. माळीकाकांचा पगार, खत, गवत कापायच्या मशिनचं पेट्रोल, असे महिन्याला चौदा-पंधरा हजार. टँकरचा खर्च दुसऱ्या पानावर, ‘पाणी’ या सदराखाली. दोन्ही पानं एकाच वहीतली, पण ती शेजारी ठेवून बघावीत हे खजिनदार झाल्यावरही मला दीड वर्ष सुचलं नाही. सुचलं ते एका स्कूटरमुळे.

खालच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या सीटवर रोज पाणी ठिबकायचं. स्लॅब गळतोय, वॉटरप्रूफिंग करा, अशी लेखी तक्रार आली. कंत्राटदाराने पाहणी करून पावणेदोन लाखांचं कोटेशन दिलं. तेवढ्यात माळीकाका गावच्या जत्रेला चार दिवस गेले आणि गळती आपोआप थांबली. स्लॅबच्या वर आमचं मागचं लॉन आहे. स्लॅब पावसाळ्यात गळत नव्हता, एप्रिलात गळत होता. म्हणजे वरून पावसाळ्यापेक्षा जास्त पाणी पडत होतं.

त्या उन्हाळ्यात केलेला हिशेब इथे मांडतो. आकडे पुण्यातल्या साठ फ्लॅटच्या, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) नसलेल्या सोसायटीचे आहेत. दर तुमच्याकडे वेगळे असतील, तेव्हा माझे पुसून तुमचे भरा. रीत तीच राहील.

बादली आणि घड्याळ

सुरुवात मोजण्यापासून. त्यासाठी वीस लिटरची एक बादली आणि फोनमधलं घड्याळ पुरतं. पाइप बादलीत सोडायचा आणि ती किती सेकंदांत भरते ते बघायचं. आमची ४८ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला २५ लिटर. पाइप रोज किती वेळ चालू असतो, हे माळीकाकांना विचारलं.

“साहेब, सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास.”

“एवढा वेळ कशाला?”

“पाइप बंद दिसला की वरून कुणीतरी ओरडतंच, आज पाणी सोडलं नाही का म्हणून.”

या एका वाक्यात अर्धा रोग सापडला. माळ्याचं काम आपण गवताच्या तब्येतीवरून मोजत नाही, ओलेपणावरून मोजतो. त्यामुळे तो बिचारा सगळ्यांना दिसेल इतकं पाणी घालतो.

तीन तास, म्हणजे १८० मिनिटं, गुणिले २५. रोजचे ४,५०० लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर हा मापदंड धरतात. त्या मापाने आमचं गवत ३३ माणसांचं पाणी पीत होतं. इमारतीत आणखी आठ बिऱ्हाडं राहत होती आणि मेंटेनन्स भरत नव्हती म्हणा ना.

आता पैसे. दहा हजार लिटरच्या टँकरला आम्ही त्या उन्हाळ्यात दीड हजार रुपये देत होतो, म्हणजे लिटरला १५ पैसे. महिन्याला लॉनवर १ लाख ३५ हजार लिटर, म्हणजे साडेतेरा टँकर, म्हणजे २०,२५० रुपये. माळीकाकांच्या पगारापेक्षा जास्त! फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांचे ५४ टँकर, ८१,००० रुपये. साठ फ्लॅटमध्ये वाटले तर घरटी १,३५०.

इथे सभेत हमखास एक हात वर होतो: “पण लॉनला टँकरचं पाणी कुठे जातं? ते तर महापालिकेचं किंवा बोअरचं.” दिसतं तसंच. पाणी टाकीत एकत्र पडतं, त्यावर नावं लिहिलेली नसतात. पण महापालिकेचं आणि बोअरचं पाणी पुरत असतं तर टँकर आलाच नसता. टाकीतून बागेसाठी उपसलेला प्रत्येक लिटर शेवटी टँकरनेच भरून निघतो. म्हणून बागेच्या पाण्याला टँकरचाच भाव लावायचा. ज्या महिन्यात टँकर येतच नाही, त्या महिन्यात हा भाव लावू नका. तिथे पंपाची वीज तेवढी धरा.

बोअर फुकट असते, ही समजूतही सोडून द्यावी. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात जेमतेम मावतं. शेजारच्या तीन सोसायट्यांच्या बोअर बहुधा एकाच भेगेतून ओढत असतात. आपण मार्चमध्ये लॉनवर सोडलेलं पाणी मे महिन्यात आपल्याच टाकीत कमी पडतं, शेजाऱ्याच्याही.

लातूरची आठवण इथेच काढतो, कारण पुढे ती राहून जाईल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. आमच्या पाच हजार चौरस फुटांच्या लॉनने चार महिन्यांत ५ लाख ४० हजार लिटर घेतलं होतं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले होते, तेव्हा मैदानांना किती पाणी लागतं यावर आम्ही चहाच्या टपरीवर तावातावाने बोलत होतो. टपरीच्या मागे आमचं लॉन भिजत होतं.

गवताला खरंच किती लागतं

एक माप पाठ करा: एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी सारखं पसरलं की त्याची उंची बरोबर एक मिलिमीटर भरते. पावसाचं माप आणि पाइपचं माप या एका ओळीने जुळतं.

पुण्यासारख्या हवेत एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावरच्या लॉनला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. थंडीत तीनच्या आसपास. पावसाळ्यात चांगली सर येऊन गेली की त्या दिवशी शून्य. आमचं लॉन ५,००० चौरस फूट, म्हणजे ४६५ चौरस मीटर. भर उन्हाळ्यात त्याची रोजची गरज सुमारे २,३०० लिटर. आम्ही देत होतो ४,५००. उरलेलं अर्धं पाणी स्कूटरवर.

आणि हे ५ मिलिमीटरसुद्धा गवत हिरवंगार दिसावं म्हणून. जगायला त्याहून कमी पुरतं, विशेषतः गवत हरळीच्या जातीचं असेल तर. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हरळीच. ‘हरळीची मुळी’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे चिवटपणासाठी उगाच रूढ झालेला नाही. वरून पिवळी पडली तरी खाली ती मेलेली नसते, पहिल्या पावसाने आठवड्याभरात परत येते. उन्हाळ्यात गरजेच्या निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे दिवसाला ३ मिलिमीटरच्या हिशेबाने पाणी दिलं तर आमच्या एवढ्या लॉनला महिन्याला सव्वाचार टँकर पुरले असते. साडेतेराच्या जागी. फरक महिन्याला जवळजवळ चौदा हजारांचा, आणि त्यासाठी एक रुपयाचं सामान विकत घ्यायचं नाही. फक्त दोन महिने पिवळट गवत बघायचं.

हा पहिला उपाय आहे आणि माझ्या मते सर्वांत मोठा. तोच सभेत पास होत नाही.

पाणी सारखं पडतंय की नाही हे बघायला लॉनवर पाच-सहा रिकामे सपाट डबे ठेवा. श्रीखंडाचे चालतात. एरवीसारखं पाणी मारा आणि पट्टीने डब्यांतल्या पाण्याची उंची मोजा. आमच्याकडे नळाजवळच्या डब्यात १८ मिलिमीटर आणि कोपऱ्यातल्या डब्यात ४. कोपरा पिवळा दिसतो म्हणून वेळ वाढवायचा, आणि वाढलेलं पाणी पुन्हा नळाजवळच, असा तो खेळ चालला होता.

किती दिवसांनी पाणी द्यायचं हे मातीवर आहे. जमिनीवरच्या लॉनखाली बरी खोल माती असेल तर रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी एकदा भरपूर द्यावं; मुळं खाली जातात. पार्किंगच्या स्लॅबवरच्या लॉनला हा सल्ला लागू नाही. तिथे वीतभर लाल माती असते, ती दोन दिवसांचंसुद्धा पाणी धरत नाही. जास्त घातलं की खालच्या पाइपातून गटारात. स्लॅबवरचं लॉन म्हणजे मोठ्या तबकात लावलेलं गवत, आणि पुण्यामुंबईत गेल्या वीस वर्षांत बांधलेल्या इमारतींतली कितीतरी लॉन तशीच आहेत. बिल्डरच्या माहितीपत्रकात ती छान दिसतात.

वेळ पहाटेची, सातच्या आत. दुपारी बाराला स्प्रिंकलर चालवणाऱ्यांना मी काही सांगत नाही, ते वाऱ्याला पाणी घालतात. कापताना उन्हाळ्यात मशिनचं पातं वर घ्या. अडीच-तीन इंच उंच गवत स्वतःच्या सावलीत माती ओली ठेवतं. एप्रिल-मेमध्ये युरिया टाकू नका. टाकला की गवत वाढतं, वाढलं की पाणी मागतं, आणि मग कापायला माणूस.

काय विकत घ्यावं, काय नको

आधी घ्यायचा तो पाण्याचा मीटर, बागेच्या लाइनला स्वतंत्र. एक इंची साधा मीटर, प्लंबरच्या मजुरीसकट आम्हाला साडेतीन हजारांत पडला. दर सोमवारी वॉचमन रीडिंग घेतो आणि ते लिफ्टशेजारच्या फलकावर लिहितो. फलकावर आकडा दिसायला लागल्यावर पहिल्याच महिन्यात वापर तिसऱ्या हिश्शाने उतरला. माळीकाकांना कुणी एक शब्द बोललं नव्हतं. उलट वरून ओरडणारे गप्प झाले.

बॅटरीवर चालणारा टायमर नळाला बसवता येतो, तीन ते पाच हजारांत. पाइप चालू ठेवून माणूस विसरतो, त्यावर उत्तम. पण पावसाळ्यात तो बंद करणारा कुणीतरी हवा. भर पावसात टायमरने इमानेइतबारे लॉन भिजवताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पॉप-अप स्प्रिंकलरचं आमच्याकडे सव्वा लाखाचं कोटेशन आलं होतं. विक्रेत्याने चाळीस टक्के बचत होईल असं सांगितलं. खरंही असेल, पण ती बचत कशाच्या तुलनेत? तीन तासांच्या पाइपच्या तुलनेत. तेवढी तर बादली आणि घड्याळानेच झाली. मोठ्या, चौकोनी, सपाट लॉनला स्प्रिंकलर शोभतो. आमच्यासारख्या वेड्यावाकड्या तुकड्यांना तो फरशी, भिंत आणि पार्क केलेल्या गाड्या धुऊन देतो.

ठिबकचं मात्र कौतुक करायला हवं. ती लॉनसाठी नाही. कुंपणाची झाडं, कुंड्या आणि वेली यांच्यासाठी. द्राक्ष, केळी आणि डाळिंबाच्या बागांमुळे ठिबकचं सामान आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतं, दुरुस्त करणारा माणूसही मिळतो. शहरातल्या ‘लँडस्केप’वाल्याकडून तीच नळी दुप्पट भावात घेऊ नका, शेतीच्या दुकानात जा. फिल्टर बसवून घ्या, नाहीतर बोअरच्या क्षारांनी एका हंगामात भोकं बुजतात.

आरओचं फेकलं जाणारं पाणी आणि एसीचं पाणी बादलीत साठवणाऱ्या मंडळींना माझा मनापासून नमस्कार. फरशी पुसायला ते वापरा. आरओच्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात, रोज गवतावर ओतायचं ते पाणी नव्हे.

छतावरच्या पावसाचं काय, हा प्रश्न येतोच. हिशेब सोपा आहे. छत ६०० चौरस मीटर, पुण्याचा पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या घरात, त्यातला वीस टक्के वाया गेला असं धरलं तरी ३ लाख ३६ हजार लिटर पाणी मिळतं. आकडा बघून डोळे चमकतात. पण हे पाणी येतं जून ते ऑक्टोबर, जेव्हा लॉनला ते नकोच असतं. मेपर्यंत साठवायचं तर तरणतलावाएवढी टाकी लागेल. म्हणून ते बोअरमध्ये किंवा शोषखड्ड्यात मुरवावं, पुण्य म्हणूनही आणि बोअर टिकावी म्हणूनही. लॉनच्या खात्यावर मात्र त्याची जमा धरू नका. मुरलेलं पाणी आपल्याच बोअरला परत येईल याची हमी खडक देत नाही. पुण्यात पर्जन्यजल संधारण, गांडूळखत आणि सौरऊर्जा यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर महापालिका मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत देते. त्याचा अर्ज करावा लागतो आणि प्रकल्प चालू स्थितीत दाखवावा लागतो. अर्जच न करणाऱ्या सोसायट्या मला बऱ्याच माहीत आहेत.

एसटीपी असलेल्यांसाठी

मोठ्या संकुलांची गोष्ट निराळी. वीस हजार चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्या मंजुरीबरोबर सांडपाणी शुद्ध करून वापरायची अट येते. तीनशे फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर. त्यातलं ऐंशी टक्के सांडपाण्यात गेलं तरी रोज जवळजवळ १ लाख ३० हजार लिटर. फ्लशला देऊनही त्यातून बागेला हवं तेवढं उरतं. अशा ठिकाणी लॉन टँकरवर जगत असेल तर दोष गवताचा नाही.

दोष बहुधा बंद पडलेल्या ब्लोअरचा असतो. माझ्या एका नातेवाइकाच्या संकुलात एसटीपी पाहुण्यांच्या कपबशांसारखी वापरली जाते, तपासणी आली की बाहेर. एरवी सांडपाणी ड्रेनेजला आणि लॉनला टँकर. त्यांचं म्हणणं, एसटीपी चालवायला महाग पडते. मी विचारलं, लिटरला किती? कुणालाच सांगता आलं नाही. महिन्याची वीज, ऑपरेटरचा पगार, केमिकल आणि वर्षभराच्या दुरुस्तीचा बारावा हिस्सा यांची बेरीज करायची, शुद्ध झालेल्या लिटरने भागायची. उत्तर १५ पैशांच्या वर येणं अवघड आहे, बघा करून.

शुद्ध केलेलं पाणी बागेला देताना दोन गोष्टी पाळा. ते हवेत उडवू नका. स्प्रिंकलरऐवजी जमिनीलगत सोडा, आणि मुलं खेळायला यायच्या बऱ्याच आधी. नळावर ‘पिण्याचे पाणी नाही’ अशी ठळक पाटी लावा आणि ती लाइन पिण्याच्या लाइनला कुठेही जोडलेली नाही हे प्लंबरकडून वर्षातून एकदा तपासून घ्या. पाण्याला वास येत असेल तर ते शुद्ध झालेलं नाही. त्यावर अत्तर टाकणारे महाभागही आहेत.

लॉन हवंय कुणाला

एका रविवारी सकाळी सात ते संध्याकाळी सातपर्यंत, गच्चीतून येताजाता, लॉनवर कोण येतं हे मी मोजलं. पुढच्या तुकड्यावर सकाळी ज्येष्ठ मंडळींचा हास्यक्लब आणि संध्याकाळी मुलं. मागच्या तीन हजार फुटांवर दिवसभरात दोन मांजरं आणि एक पडलेला चेंडू आणायला गेलेला मुलगा. त्यालाही ओरडा बसला, कारण तिथे ‘लॉनवर चालू नये’ अशी पाटी होती.

ज्यावर चालायचं नाही असं गवत ही आपली चाल नव्हे. आपल्याकडे अंगण असायचं, सारवलेलं. त्यात तुळस, कडेला जाई-जुई, एखादं सावलीचं झाड. सारसबागेचं लॉन पुण्याला प्रिय आहे हे मान्य, मलाही आहे. पण तिथला गणपती ‘तळ्यातला’ आहे. त्याच्याभोवती नानासाहेब पेशव्यांनी करवलेलं तळं होतं. आज त्या जागी हिरवळ आहे आणि तिला पाणी पाजावं लागतं.

मागचा तुकडा काढायला सभेत दीड तास लागला. पहिला आक्षेप सौंदर्याचा, दुसरा फ्लॅटची किंमत उतरेल हा. मी ८१,००० हा आकडा फळ्यावर लिहिला आणि खाली घरटी १,३५० लिहिले, मग वाद थोडा खाली आला. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूमध्ये पिण्याचं पाणी बागेला घातल्याबद्दल पाच हजार रुपये दंड ठरला होता, ही बातमीही एकाने वाचून दाखवली. तिचा उपयोग माझ्या फळ्यापेक्षा जास्त झाला, हे कबूल करतो.

गवत आणि अर्धी माती काढली. त्या जागी लोखंडी सांगाड्यावर मांडव घातला, त्यावर मधुमालती आणि कृष्णकमळ चढवलं, खाली बाकं ठेवली, कडेने चाळीस मोठ्या कुंड्या आणि त्यांना ठिबक. सगळ्याचा खर्च १ लाख ८ हजार, घरटी १,८००. पेव्हर ब्लॉक घालायची सूचना आम्ही नाकारली. मे महिन्यात त्यावरून अनवाणी चालून बघा. तुमच्याकडे असं काही करायचं झालं आणि जागा स्लॅबवर असली, तर नवीन वजन घालण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. त्याची फी वाया जात नाही.

पुढचा दोन हजार फुटांचा तुकडा ठेवला. तो १८६ चौरस मीटर. दिवसाला ५ मिलिमीटरने भर उन्हाळ्यात महिन्याला २८ हजार लिटर, कुंड्या आणि वेलींचे साडेतीन हजार वेगळे. चार महिन्यांचे तेरा टँकर धरले तरी १९,५००. म्हणजे उन्हाळ्याला ६१ हजार वाचले, मांडवाचा खर्च दोन उन्हाळ्यांच्या आत वसूल. ‘लॉनवर चालू नये’ ही पाटी काढून टाकली आहे.

वॉटरप्रूफिंग अजून केलेलं नाही. स्कूटर कोरडी आहे. गेल्या मे महिन्याचं बागेच्या मीटरचं रीडिंग ३१,४०० लिटर, लिफ्टशेजारच्या फलकावर अजून तसंच आहे. तुमच्या सोसायटीत फलक नसेल तर जिन्याच्या भिंतीवर खडूने लिहा, पण सगळ्यांना दिसेल असं लिहा.